साठ वर्षांची मुदत

ही गोष्ट २०९१ सालची. त्या काळी पाचगणीच्या पठारावर एक शीतालय होतं. ज्यांच्या आजारावर औषध निघालेलं नव्हतं अशी माणसं तिथे गोठवून निजवलेली असत. दर गुढीपाडव्याला नातलग येत, पेटीच्या काचेवरून हात फिरवत आणि उठवण्याची तारीख वर्षभराने पुढे ढकलून घेत. त्याला मुदतवाढ म्हणत. मग बाहेरच्या हिरवळीवर डबे उघडत, आणि कुणाचं श्रीखंड कुणाच्या पानात जाई. फार छान दिवस असे तो.

सानिका देवस्थळी चाळीसहून अधिक पाडवे आली. तिचा नवरा ओंकार रक्ताच्या आजाराने छत्तिसाव्या वर्षी निजला आणि छत्तीसचाच राहिला. ती अठ्ठ्याहत्तरची झाली. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे याची मुदत कोण वाढवणार? आणि ती संपून तो औषधाविना, एकटा उठला तर? या घोराने तिची झोप उडाली. त्या पाडव्याला तिने एकदम साठ वर्षं मागितली. एवढी कधी कुणी मागितली नव्हती, पण नियमात मनाईही नव्हती. कारकुनाने आकडा घातला.

ती हिरवळीवर बसते न बसते तोच शीतालयाची घड्याळं सांभाळणारी निलोफर मुल्ला धावत आली.

"आजी, आत चला. ओंकारकाकांची पेटी तापायला लागलीय."

"तापायला? अगं, साठ वर्षं पुढे ढकललंय मी!"

"त्यानेच घोटाळा झालाय."

प्रत्येक पेटीत एक फेरघड्याळ असे. ते अगदी कमी विजेवर चाले, म्हणून त्याची मोजणीही लहान. शंभर वर्षं भरली की ते पुन्हा शून्यापासून मोजू लागे. निलोफरने चालता चालता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"दहा वाजलेत. दोनला उठव म्हटलं, तर दोन वाजायचेत की वाजून गेलेत?"

"वाजायचेत. दहाच्या पुढे दोन जवळ आहेत."

"यंत्रही तेच करतं. दोन वेळांची वजाबाकी करतं आणि जवळची बाजू धरतं. अर्ध्या फेरीच्या आतलं ते यायचंय, त्यापलीकडचं होऊन गेलंय. शंभरच्या फेरीत साठ पुढे म्हणजे चाळीस मागे. त्याला वाटलं, याला उठवायची वेळ चाळीस वर्षांपूर्वीच टळली."

"मग बदल ना आकडा! शाळा काय घेतेस माझी?"

"बदलला, आजी. पण ऊब लागलेलं शरीर परत गोठवता येत नाही. रक्तवाहिन्या फुटतात."

काचेवर दव धरलं होतं. आत ओंकारचे ओठ निळ्याचे गुलाबी होत होते.

"औषध?"

"नाही अजून." निलोफरचा आवाज खाली आला. "गुंगी शेवटपर्यंत ठेवता येईल. त्यांना काही कळणार नाही. नाहीतर उठवायचं. थोडे आठवडे मिळतील, दुखणंही असेल. तुम्ही सांगाल तसं. पण लवकर सांगा."

सानिकाबाईंनी पदराने काच पुसली. औषधाशिवाय उठवणार नाहीस ना, असं त्याने निजताना विचारलं होतं. तिने तसं वचन दिलं होतं.

"उठव," ती म्हणाली. "शिव्या घालायचा हक्क आहे त्याला."

ओंकारने डोळे उघडले. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"सानू? केस कधी पांढरे केलेस?"

"तू घोरत होतास तेव्हा."

तो हसला. "म्हणजे औषध निघालं."

तिने मान खाली घातली. त्याने तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. शिव्या मात्र घातल्या नाहीत.

ओंकार आंब्यांचा मोसम सरेपर्यंत जगला. सानिकाबाई पुढे चार वर्षं. निलोफरने सगळ्या पेट्यांत नवी घड्याळं बसवली, ज्यांची फेरी लाखो वर्षांतही भरत नाही. लोक खूश झाले. हजार हजार वर्षांची मुदत एकदाच मागून मोकळे झाले, आणि पाडव्याला हिरवळीवर कुणी येईनासं झालं. निलोफर नोकरी सोडून चिपळूणला गेली.

२१०३ साली ओंकारच्या आजारावर औषध निघालं. मुदत कमी करायला नातलगाचा होकार लागतो. तोच आजार असलेली आणखी माणसं तिथे निजलेली होती; शीतालयाने त्यांच्या नातलगांच्या प्रत्येक पत्त्यावर कळवलं. उत्तर एकाचंही आलं नाही. ती माणसं अजून निजलेली आहेत.