कुंकवातले दोन दाणे

आभाळाकडे बघत चहा पिणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहू नये, हे हर्षालीला त्या सकाळी कळलं... पण जरा उशिराच कळलं.

नाशिकला, अंबडच्या कारखान्यांजवळच्या चहाच्या टपरीपुढं भुरभुर पाऊस पडत होता. गणपती नुकतेच गेले होते, रस्ते अजून ओले होते. हर्षाली येवल्याची. नोकरीचा पहिला दिवस, म्हणून खांद्यावर बाबांनी स्वतः काठ विणून दिलेली ओढणी — मोतिया रंगाची, काठावर हिरव्या पोपटांची रांग. तेवढ्यात ढगांच्या मागून घर्रर्र करत काहीतरी गेलं. शेजारच्या तरुणानं मान मागं टाकली, हात कलला, आणि अर्धा ग्लास चहा थेट पोपटांवर!

"अहो! आभाळ पळून चाललंय का कुठं?"

"आभाळ नाय हो... ते!" त्याची नजर अजून वरच. "आवाज ऐकला ना? ओझरच्या कारखान्यातलं विमान हाय. आपलं!"

"आणि हा चहा? हाही आपलाच?"

आता कुठं त्यानं खाली बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. "आयला... सॉरी, सॉरी." त्यानं रुमाल पाण्यात बुडवला, नजरेनंच परवानगी मागितली आणि काठावरचा डाग अलगद टिपला. मग त्यानं एक गोष्ट केली. काठ उलटा केला. बोट फिरवलं. डोळे बारीक करून बघत राहिला.

"मागनं पण तशीच हाय की! गाठ नाय, लोंबता धागा नाय... कुणी केलं हे?"

ओढणी सगळे बघायचे. किती छान म्हणायचे, कितीला म्हणायचे. उलटून मात्र आजवर कुणी बघितली नव्हती. हातमागाची खरी पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, आणि बाबांचं सगळं आयुष्य त्या न दिसणाऱ्या बाजूवर खर्च झालं होतं.

"माझ्या बाबांनी," ती म्हणाली, आणि भरभर चालू लागली.

अर्ध्या तासानं ती शेखरभाऊंच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली, तर आत मशीनपाशी तोच! शेखरभाऊ मालक, पण सगळ्यांचे भाऊच. ते म्हणाले, "ये हर्षाली. हा वाल्मीक. हा घडवणार, तू तपासणार. भांडा, पण मोजून."

"आमचं सुरू झालंय, भाऊ," ती म्हणाली. वाल्मीकनं मान खाली घातली, पण मान खाली घातलेला माणूस हसतोय हे खांद्यांवरून कळतंच.

काम होतं एका ठोकळ्याचं. ॲल्युमिनियमचा, मुठीएवढा. बाहेरून अगदी साधा, पण आत काडीएवढ्या बारीक वाटा एकमेकींना छेदत गेलेल्या. लढाऊ विमानाची चाकं वर-खाली करणारं तेल त्या वाटांमधून धावायचं. आजवर हा ठोकळा बाहेरच्या देशातून यायचा. आता भाऊंना संधी मिळाली होती: चाचणीचे वीस ठोकळे दसऱ्यानंतरच्या शनिवारी ओझरला पोचवायचे. पास झाले तर काम इथलं. नाहीतर पुन्हा बाहेरून.

"मग येऊ द्या की बाहेरून," चहाच्या सुट्टीत हर्षाली म्हणाली. "त्यांचं तयार आहे, पारखलेलं आहे. आपण शिकेपर्यंत किती वर्षं जायची? आणि ज्याला तुम्ही आपलं-आपलं म्हणता ना... त्याचं इंजिन कुठलं हो?"

"बाहेरचं," वाल्मीक निमूट म्हणाला. "म्हणून बाकीचं पण बाहेरचं आणायचं?"

"माझे बाबा चार-चार महिने एक साडी विणतात. मशीनवरची नक्कल दोन दिवसांत बाजारात येते, आणि लोक तीच घेतात. आपलं म्हणून काही चालत नसतं. चांगलं असलं तर चालतं... कधीकधी तेही नाही."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "निफाडला आमचा द्राक्षाचा बाग हाय. लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की मी विचारायचो, हे कुठनं आणलं? कुठनं आणलं... हाच प्रश्न. कुणी केलं, असं कधी तोंडातच यायचं नाय. तुमची ओढणी बघून कसं आलं? कुणी केलं, म्हणून?"

शकुबाई गालात हसली. ठोकळ्यांच्या कडा घासून गुळगुळीत करण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं, आणि माणसं वाचण्यातही. "पोरी, विमानाचं राहू दे. लग्नाला मुलगा कुठला बघतेयस? तोपण बाहेरनंच आणायचा?"

"आणू की," हर्षाली तोऱ्यात म्हणाली. "तयार, पारखलेला. गॅरंटीसकट."

"पार्ट मिळायचे नाय हां नंतर!" वाल्मीक मशीनकडे वळता वळता पुटपुटला, आणि अख्खं वर्कशॉप हसलं.

तिनं त्याचे पहिले तीन ठोकळे नापास केले. लाल चिठ्ठी लावून, सही करून. चौथाही. दर वेळी तो यायचा आणि विचारायचा, "कुठं?" ती कॅमेऱ्याची बारीक नळी आत सोडून पडद्यावर दाखवायची. तो वाद घालायचा नाही. बघायचा, ओठ मुडपायचा, परत जायचा. पाचव्याला तिला काहीच सापडेना. तिनं दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. आतली वाट आरशासारखी लखलखत होती. जिथं कुणाचा डोळा पोचणार नाही, अशा जागी या माणसानं एवढी माया ओतली होती...

"सापडलं काय?" त्यानं दारातून विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली. आणि आपला आवाज असा मऊ का झाला, हे तिला कळलं नाही. शकुबाईला कळलं.

वीस ठोकळे पुरे झाले ते खंडेनवमीला. यंत्रांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, पेढे वाटले. हर्षालीनं आधीच पाटी लावली होती: तपासणीच्या खोलीच्या काचेच्या दाराच्या आत फूल, कुंकू, तांदूळ काहीही न्यायचं नाही. दसऱ्याला सुट्टी. शुक्रवारी सकाळी ती शेवटची मोजणी करायला बसली. ठोकळ्यांना प्लॅस्टिकची टोपणं लागली होती, उद्या माल जाणार होता. अकराव्या ठोकळ्याच्या टोपणाकडेला तिला एक लालसर ठिपका दिसला.

तिनं टोपण काढलं. नळी आत सोडली.

आत, दोन वाटा जिथं छेदतात तिथं, तांदळाचा एक दाणा बसला होता. कुंकवानं माखलेला. नवरीसारखा.

चिमट्यानं दाणा निघाला, तळहातावर आला. हलका, इवलासा. विमान आभाळात असताना तो तेलाच्या वाटेत अडकला असता, तर चाकं... पुढचं तिनं मनातही पुरं केलं नाही.

वाल्मीक आला तेव्हा तिनं नुसता हात पुढं केला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"तूच?"

"आत काही नेलं नव्हतं, हर्षाली. पाटी वाचली होती मी. खंडेनवमीला ठोकळ्यांचा ट्रे बाहेर आणला होता. दोन मिनिटं. आमच्याकडं पहिला घड देवापुढं ठेवल्याबिगर पेटी भरत नाय. वाटलं, हा पण आपला पहिला घडच... टोपणं लावायची होती अजून. अक्षता टाकल्या, वरून पुसून घेतलं सगळं. आत गेला असंल असं..."

बाहेर शकुबाईचा खराटा वाजत होता.

दाणा तिच्या तळहातावर होता. मूठ फक्त मिटायची होती. एक दाणा निघाला, काम झालं, कुणाला काय कळणार? लिहिलं तर वीसही ठोकळे उघडायचे, धुवायचे, पुन्हा तपासायचे — किमान तीन दिवस. शनिवार हुकणार. भाऊंची संधी जाणार. आणि चूक कुणाची, या रकान्यात तिला एक नाव लिहावं लागणार. ते नाव हल्ली ती मनातसुद्धा हळूच घ्यायची.

तिच्या कानात मागाचा खटखटाट सुरू झाला. आई मागासाठी रेशमाच्या कांड्या भरताना गुणगुणायची ती ओवी...

*बाप माझा विणकर, बोटं त्याची देवघर,*
*वीतभर उसवितो, चूक दिसता तिळभर.*

"वाल्मीक... माझे बाबा ना, पदर पुरा होत आला आणि एका पोपटाची चोच चुकलेली दिसली, तर वीतभर उसवतात. आम्ही ओरडायचो, अहो, कुणाला दिसणारे? ते म्हणायचे, मला दिसलंय ना." तिचे डोळे भरून आले. "पण तुझं नाव..."

"लिही," तो म्हणाला. "हे बघ. विकत आणलेल्यात चूक निघाली की आपण पत्र लिहितो आणि वाट बघत बसतो. आपण केलेल्यात निघाली तर हात घालता येतो. एवढ्यासाठीच तर करायचं ना आपण? मग आता हात आखडून कसं चालंल? लिही. ठसठशीत लिही."

हर्षाली त्याच्याकडे बघत राहिली. चार लाल चिठ्ठ्या निमूट घेऊन गेलेला हा माणूस, आज पाचवी स्वतःहून मागत होता. हा मागूनही तसाच आहे, तिला वाटलं. अगदी तसाच.

तिनं लिहिलं. नियमाप्रमाणे दाणा छोट्या पिशवीत घातला, वर चिठ्ठी बांधली.

भाऊंनी चिठ्ठी वाचली. मग त्यांनीच ओझरला फोन लावला, काही न लपवता सांगितलं. पलीकडचे साहेब बराच वेळ बोलले. भाऊ नुसते "हो साहेब, हो साहेब" करत राहिले. फोन ठेवला आणि म्हणाले, "लय ऐकवलं. शेवटी म्हणाले, स्वतःहून सांगितलंत म्हणून मंगळवारपर्यंत थांबतो. बुधवार नाही." मग वाल्मीककडे वळले. "आणि तू... पुढच्या खंडेनवमीला तुला दोरीनं बांधून ठेवणारे मी."

शनिवार, रविवार, सोमवार. शकुबाई टोपणं काढायची, वाल्मीक धुवायचा, हर्षाली बघायची. एकविसाव्यांदा, बाविसाव्यांदा तीच वाट. रविवारी दुपारी सतराव्या ठोकळ्यात तिचा हात थबकला.

"वाल्मीक..."

तो धावत आला. पडद्यावर दुसरा दाणा होता. पहिल्याहून लाल.

शकुबाईनं कपाळाला हात लावला. शुक्रवारी मूठ मिटली असती तर हा दाणा आभाळात गेला असता. हर्षालीनं चिमटा आत घातला; वाल्मीकनं तिचा हात धरला, दाणा चिमट्यातून पिशवीत पडेपर्यंत धरला... आणि त्यानंतरही जरा वेळ धरलाच.

मंगळवारी माल गेला. निरोप यायला मार्गशीर्ष उजाडला. विसांपैकी वीस पास. भाऊंनी पेढे वाटले, काचेच्या दारापासून दहा पावलं लांब उभं राहून.

त्या रविवारी वाल्मीक तिला निफाडला बाग दाखवायला घेऊन गेला. थंडी मऊ होती, घडांत पाणी भरू लागलं होतं, पानांतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी गळत होतं. वाल्मीकच्या आईनं दोघांसाठी चहा पाठवला, ग्लास काठोकाठ.

"लांब धर," हर्षाली म्हणाली. तीच ओढणी होती अंगावर.

मग तिनं पर्समधून ती पिशवी काढली. "केस बंद झाली. भाऊ म्हणाले, हे टाकून दे. पण शेरा लिहायचा राहिलाय... ठेवायचे की टाकायचे?"

वाल्मीकनं ग्लास बांधावर ठेवला. पिशवी हातात घेतली. दोन दाणे, कुंकवात न्हालेले, एकमेकांना चिकटलेले.

"टाकायचे," तो हळूच म्हणाला. "पण आत्ता नाय. आणि असे कुठं पण नाय... आधी मधी अंतरपाट पाहिजे. समोर तू पाहिजे. म्हणजे, तुला जर..." त्याचे कान लाल झाले. "दोनच हायत म्हणा. बाकीचे पाहुणे आणतील की."

हर्षाली त्याच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिली. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं: तपासणी — हर्षाली. चूक — वाल्मीक. आणि मग, तिला ठाऊकच होतं, त्यानं सवयीनं चिठ्ठी उलटी केली.

मागच्या बाजूला बारीक अक्षरात एकच शब्द होता. *मंजूर.* खाली सही. सहीखाली तारीख: पहिला दाणा सापडला त्या शुक्रवारची.

"पण... तवा तर मी काही विचारलंच नव्हतं!"

"तू विचारायची वाट बघत बसले असते, तर नवरा बाहेरूनच आणावा लागला असता ना."

वरून घर्रर्र करत विमान गेलं. अगदी खालून, पानं थरथरवत गेलं. बागेतली सगळी माणसं माना वर करून बघत होती. वाल्मीकला मात्र ते ऐकूच आलं नाही.