बॉनेटच्या पलीकडे

त्या दिवशी वारा साफ पडला होता. आभाळ पांढरंफटक, झाडाचं पान हलत नव्हतं, अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. मला खरं म्हणजे असंच ऊन हवं होतं. दातांच्या डॉक्टरांची ती जुनी गाडी गार असली की एका हाकेला उठायची. तापून घटकाभर उभी राहिली, की रुसायची. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहायचा, इंजिन उठायचं नाही.

डॉक्टर जाऊन वर्ष होत आलं होतं. वहिनी घर बंद करून लेकीकडे निघाल्या होत्या, आणि जाईन तर ह्यांच्या गाडीतूनच, असं धरून बसल्या होत्या. जावई म्हणाले, "काका, वाटेत रुसली तर आईंना उन्हात उभं करू का? तापलेली असताना चालू करून दाखवा. नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येतोय."

गाडी इंजेक्शनची. पंप दाबून पेट्रोल पाठवतो आणि बारीक फवारे ते इंजिनात मारतात. डॉक्टर म्हणायचे, "माणसांना इंजेक्शन मी देतो, हिचं तू बघ." मी बघत आलो. माझं मत ठाम होतं: उन्हानं नळीत वाफ धरते आणि इंजिन उपाशी राहतं. ओली फडकी गुंडाळली, पंप बदलला. गुण नाही.

आम्ही गाडी फिरवून तापवून आणली, थोडी थांबू दिली. मी बॉनेट वर केलं, जावई स्टिअरिंगवर बसले. बॉनेट उघडं असलं की आतला माणूस आपल्याला दिसत नाही, आपण त्याला दिसत नाही. सगळा कारभार हाकेवर.

"मारा!"

सेल्फ फिरला. इंजिन मुकं.

"बस! मारा..."

पेट्रोलचा वास नाकात चढला. बघतो तर ॲक्सिलरेटरची तार ताणलेली. आतून कुणी पाय तळापर्यंत दाबून धरलेला.

"पाय काढा, जावईबापू!"

तार सैल झाली. पुन्हा "मारा" म्हटलं, पुन्हा ताणली. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि माझी जीभ सुटली. तशी ती सुटत नाही कधी. "पाय आहे की मुसळ? घरचे जावई असाल, गाडीचे नाही!"

तार तेवढी सैल झाली. वाटलं, फुगले.

"डॉक्टरही असलेच! दाबून दाबून गाडीची वाट लावली. स्वतः सुटले, आणि ही पीडा माझ्या गळ्यात बांधून गेले!"

सगळं थांबलं. सेल्फ नाही, तार नाही. कुठे कावळासुद्धा नाही. माझंच बोलणं मला ऐकू येत राहिलं, आणि कानशिलं तापली.

मग... मी "मारा" म्हटलं नव्हतं. तरी सेल्फ फिरला. तार हळूहळू, अगदी सावकाश, तळापर्यंत ओढली गेली. दुखऱ्या दाताला हात लावावा तशी. सेल्फ फिरत राहिला, इंजिन खोकलं, मागून काळा धूर आला आणि गाडी उठली.

काळा धूर! म्हणजे इंजिन उपाशी नव्हतंच, त्याचं पोट फुटेस्तोवर भरलं होतं. पाय दाबून हवा दिली, तेव्हा कुठे मोकळं झालं. थंडीत चालू करण्यापुरता एक जादा फवारा असतो, तो तापल्यावरही आत ठिबकत होता. मी त्याची नळी बंद केली. "बंद करा. आता पाय न लावता मारा," म्हटलं. अर्ध्या फेऱ्यात उठली.

"शाबास!" म्हणत मी बॉनेटला वळसा घातला.

दार उघडं, सीटवर कुणी नव्हतं. किल्ली तेवढी हलत होती. मी सीटवर हात ठेवला. सगळी गाडी तव्यासारखी तापलेली, आणि तेवढी एक जागा गार... माठाच्या बुडासारखी.

जावई घरातून तांब्या घेऊन आले. "आईंनी हाक मारली, ट्रंक बांधत होतो इतका वेळ. अरे, चालू झाली? कुणी मारली?"

"मीच," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. जाताना म्हणाल्या, "तुमचे हात ते ओळखून होते हो. ह्यांचा जीव निवला असेल आज." माझी मान वर होईना. ज्या माणसानं कधी कुणाला आवाज चढवला नाही, त्याला मी त्याच्याच दारात, त्याच्या तोंडावर...

गाडी वळणाआड गेली. समोरच्या माडीवर शिंपीणबाई खिडकीत मशीन घेऊन बसतात. तिथून अंगण सगळं दिसतं. मी खालूनच विचारलं, "बाई, गाडीत कोण बसलं होतं हो?"

त्यांनी मशीन थांबवलं. "जावई आत गेल्यावर कुणीच नाही, काका. पण तुम्ही ओरडलात की दार उघडायचं, आणि जरा वेळानं आपलं आपण लागायचं. शेवटी गाडी चालू झाली तेव्हा उघडलं ते लागलंच नाही. तुम्ही इंजिनावर वाकला होतात, आणि एकदम अंग चोरून बाजूला सरलात, शेजारी कुणाला जागा द्यावी तसे. मी म्हटलं, काकांनी ओळखलं वाटतं."