बोंबिलचं दीड किलो

"ओ! माझ्या कुत्र्याला काय घालताय?"

बाजेवर बसलेल्या तरुणानं मान वर केली. रात्रपाळी करून आलेले लाल डोळे, हसू मात्र ताजं. एका हातात तांदळाची भाकरी, दुसऱ्यात बांगड्याच्या कालवणाची वाटी... आणि पायाशी लोळत पडलेला ज्ञानेश्वरीचा कॅप्टन!

"तुमचा? ओ मॅडम, हा आमचा बोंबिल हाय. पाच वर्सं येतो."

"बोंबिल?"

"आला तेवा नुसती हाडं होती. आमीच वर काढला त्याला."

"गोचीडताप होता त्याला! एकवीस दिवस गोळ्या मी दिल्या."

"आनि कालवन आमी."

ज्ञानेश्वरी तारापूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती; सकाळी साडेसहाला कॅप्टनला जेवू घालून निघायची. हा तरुण, पाम गावचा प्रदीप, सरावलीत तिच्या मागच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. तो रात्रपाळीहून साडेसातला परतायचा. माणसांची गाठ पडली नव्हती, कुत्र्यानं मात्र दोन्ही पाळ्या बरोब्बर पकडल्या होत्या.

नऊ वर्षांपूर्वी पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू तिनं घरी आणलं, तेव्हापासून प्रत्येक लस, जंताचं औषध, दुखरा दात, सगळं तिच्या वहीत होतं. आता डॉक्टरांनी बजावलं होतं : अठ्ठावीसचा चोवीस किलो करा, नाहीतर मागचे पाय जातील. दोन महिने अर्धपोटी ठेवूनही काटा हलेना, म्हणून आज रजा टाकून ती त्याच्या मागोमाग आली होती.

तिनं सगळं सांगितलं. प्रदीपनं वाटी बाजूला ठेवली.

"पाय जातील...? मग आजपासून बंद. काय करायचं ते सांगा."

वजनासाठी ज्ञानेश्वरीच्या घरी रविवार ठरला. माणसांचा वजनकाटा, त्यावर कुत्र्याला उचलून घेतलेला माणूस. माणसाचं वजन वजा करायचं.

"तुमीच उचला की," तो म्हणाला. "का तुमचं वजन कळेल म्हनून...?"

"गुपचूप काट्यावर चढा."

प्रदीप अठ्ठावन्न किलो भरला. वहीत लिहिलं गेलं; दर वेळी तेवढंच वजा व्हायचं. मग रविवारमागून रविवार... मोजून घातलेलं खाणं, संध्याकाळी सपाट रस्त्यावर सावकाश फेरी, वजनानंतर ज्ञानेश्वरीच्या आईचे कांदेपोहे. 'मॅडम'ची 'ज्ञानू' कधी झाली, हे वहीत नाही. कॅप्टन साडेपंचवीसवर आला — आणि अडकला. एक रविवार, दोन, तीन, चार.

पाचव्या रविवारी कॅप्टन आपणहून तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढून आला. ज्ञानेश्वरीनं त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्याला उचलून काट्यावर चढलेल्या प्रदीपच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे.

"कुत्र्याला खाली ठेव."

"का?"

"एकटा उभा राहा."

काटा साडेएकोणसाठवर थांबला.

"म्हणजे हा कधीच चोवीसवर आलाय! दीड किलो तुझं आहे."

"तुझ्या आईच्या पोह्यांचं." तो कानापर्यंत लाल झाला. "कंपनीत मेडिकल झालं ना, तेवाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस? मी त्याला आणखी उपाशी ठेवला असता तर?"

"तू म्हनाली होतीस, डॉक्टरला विचारल्याशिवाय घास कमी करायचा नाय. त्याच्याच भरोशावर गप होतो. पन चुकलंच." त्यानं कॅप्टनच्या पाठीवर हात ठेवला. "चोवीस झाला की रविवार संपनार होता, ज्ञानू. मला... संपवायचा नव्हता."

तिनं चारही आकडे खोडले, चोवीस लिहिले, पान उलटलं.

"संपतोय कसला! वजन टिकवायचंय. सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, सांध्यांचं औषध, दात, पुढं नजर अधू होईल... याचं म्हातारपण एकटीनं नाही काढणार मी. पुढच्या रविवारी तुझ्या आईला घेऊन ये."

"वजनाला?"

"पोहे खायला. मुलगी बघायला येतात, तेव्हा पोहेच देतात ना?"

ज्ञानेश्वरीनं पेन बंद केलं.

"आणि तू या खेपेला अर्धीच बशी घ्यायचीस."