कवडीचं पथ्य

पांढऱ्याशुभ्र कवडीचे कान आतून पिवळे कसे झाले? हळद तर कुणी लावली नव्हती.

वेंगुर्ल्याच्या समुद्रावरच्या तरंगत्या वसाहतीत शलाकाचं कुटुंब नुकतंच राहायला आलं होतं. घर बदललं म्हणून कवडी मांजरीने अन्नावर रुसवा धरला, आणि आता हे. आईने एका नजरेत निदान केलं, "कावीळ. उसाचा रस द्या, मासळी बंद." घरातल्या यंत्रमानवाने, गुणाजीने, लगेच मान डोलावली. माणसांचं पथ्य त्याला तोंडपाठ होतं. कवडीने रस हुंगलासुद्धा नाही. तिचं पोट पार खपाटीला गेलं.

"आता सुखाने जाऊ दे तिला," आई डोळे पुसत म्हणाली.

"नाही जाऊ देणार." शलाकाने कवडीला टॉवेलात गुंडाळलं आणि कुणालाही न जुमानता प्राण्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर फर्नांडिसबाईंनी रक्त तपासलं आणि पडद्यावर यकृताचं चित्र दाखवलं. "रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या झाल्या की मोडतात. त्यातून बिलिरुबिन (एक पिवळं द्रव्य) तयार होतं. ते बाहेर टाकणं यकृताचं काम. तिथे अडलं की पिवळेपणा अंगभर पसरतो. कावीळ ही आजाराची नुसती खूण आहे. कारणं बरीच असतात, म्हणून तपासावं लागतं."

"हिचं कारण काय? आम्ही मासळी बंद करून उसाचा रस देत होतो."

"उपास. मांजर जेवेनासं झालं की अंगातली चरबी यकृतात येऊन साठते. तेवढी त्याला पेलत नाही. पथ्याने तुम्ही आजार वाढवलात."

शलाकाला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. मांजराला माणसाचे नियम लावायचेच कशाला?

"मानेतून अन्ननलिकेत नळी बसवते," डॉक्टर म्हणाल्या. "मांसाचं पातळ खाणं थोडं थोडं घालत राहायचं. पण खात्री देत नाही."

"खात्री मागितली कुणी?"

घरी गुणाजी आडवा आला. "काविळीत मांसाहार वर्ज्य."

"ती मांजर आहे. बाजूला हो," शलाकाने बजावलं आणि नळीतून पातळ खाणं हळूहळू सोडलं. पहिले काही दिवस आई तोंड फिरवून बसायची. मग शलाका शाळेत गेली की आईच नळी धरू लागली.

कित्येक आठवड्यांनी, आई बांगडे साफ करत असताना, कवडीने येऊन एक तुकडा ओढला. गुणाजी पुढे सरसावला. "पथ्य..."

"गप रे," आई म्हणाली. तिने तो तुकडा उकडला, काटे काढले आणि कवडीपुढे ठेवला. "आणि डोक्यात नीट भरून घे. कुणाचं मांजर दिवसभर जेवलं नाही तर दवाखाना गाठायचा. शेजारीपाजारी सगळ्यांना सांग. आणि कुणी माझ्यासारखं ऐकेना, तर शलाकाला पाठव."