उलट्या हाताचं गवत

“हे गवत कुणी कापलं?”

साहेबांचा आवाज अंगणातून आला आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या धाकटीच्या हातातली वाटी खळकन खाली पडली. संवर्धन खात्याचे साहेब ओढ्याकाठची पट्टी पाहून परतले होते आणि थोरल्या जाऊबाई त्यांच्यासमोर पदराला हात पुसत उभ्या होत्या… त्यांच्या कडेवर कोण, तर धाकटीचीच लेक!

ती पट्टी! गेली तीन वर्षं धाकटीच्या काळजात रुतलेला काटा होती ती. वाटणीत आलेली ओढ्याकाठची काळीभोर जमीन जाऊबाईंनी सरकारी योजनेत दिली, तिच्यात नांगर घालायचा नाही, गवत आणि झाडं वाढू द्यायची म्हणून. पुढे तिथे हिरवी पाटी लागली, माणसं पाहायला येऊ लागली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी थोरलीचंच नाव! धाकटीने एवढं कॉलेज केलं, पण तिला कोण विचारतंय? पोटची पोरसुद्धा झोपेला आली की थोरलीच्याच खांद्यावर मान टाकायची… किती जळायचं एका जिवाने!

पाखरांची पिल्लं उडून जाईपर्यंत पट्टीत विळा लावायचा नाही, हा योजनेचा नियम. काल दुपारी सगळे कलंडलेले असताना धाकटी विळा घेऊन गेली. गायीला चारा हवा, असं तिने मनाला बजावलं. पण मनाला खरं ठाऊक होतं. साहेबांनी एकदा तरी थोरलीला सगळ्यांदेखत बोलावं! विळा सपासप चालला आणि अचानक गवताच्या बुडाशी उघडं पडलेलं घरटं दिसलं… चोची वासून ओरडणारी पिल्लं! तिला एकदम लेक आठवली. कापलेलं गवत तसंच टाकून ती पळत सुटली होती.

आज सकाळी जाऊबाई तेच गवत ओढून त्याचा ढीग करताना तिला दिसल्या, तेव्हा ती मनात फणफणली होती, ‘साहेब यायचेत ना, चालली हिची झाडलोट!’

“मीच कापलं, साहेब,” जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. “गायीला चारा नव्हता. चुकलं माझं.”

“असं कसं केलंत तुम्ही? पट्टी योजनेतून जाईल. पाटी काढावी लागेल.”

“काढा. पण धाकटीच्या गोठ्याच्या कर्जासाठी शिफारशीची सही आज करताय ना? तिचं खातं वेगळं आहे हो.”

नियम मोडणाऱ्याला सरकारी कर्ज नाही, हे धाकटीला पाठ होतं… आणि जाऊबाईंनाही! मग सकाळचा तो ढीग? धाकटी डावखुरी होती! सगळ्यांचं कापलेलं गवत एका बाजूला पडतं, तिचं दुसऱ्या. ‘शिकलीस खूप, पण विळा उलटाच धरतेस गं,’ म्हणून हसायच्या जाऊबाई. एका नजरेत त्यांनी ओळखलं होतं… आणि खूण पुसली होती!

धाकटी अंगणात धावली. “साहेब, मी कापलं!”

“काहीतरीच काय बोलतेस! आत जा बघू.”

“नाही जाऊबाई!” तिने खुंटीवरचा विळा डाव्या हाताने ओढला. “चला साहेब, शेजारी मूठभर कापून दाखवते. गवताचा ढीग झाला, तरी खुंट कुठे कललेत ते पाहा!”

कापायची वेळच आली नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहत साहेबांनी पिशवीतून काढलेला कर्जाचा अर्ज सही न करताच आत ठेवला. “मालकिणीने नियम मोडला नाही, पट्टी राहील. कापलेल्या जागी पुन्हा बी टाका. कर्जाचं मात्र… यंदा जमणार नाही.”

ते गेले.

“वेडे, गोठा गेला ना तुझा!” जाऊबाईंचे डोळे भरून आले.

“माझ्यासाठी तुम्ही पट्टीवर पाणी का सोडत होतात?”

“अगं, ती ठेवली तरी कुणासाठी? ओढा फुगला की पहिल्यांदा धुऊन जायचं ते तुझंच खालचं शेत. गवताने माती धरली, म्हणून तर तुझं पीक उभं राहिलं.”

“मला कधी बोलला नाहीत…”

“कशी बोलणार? मी दिसले की तू तोंड फिरवायचीस.”

धाकटी हुंदका दाबत त्यांच्या पायाशी बसली. जाऊबाईंनी रिकाम्या हाताने तिला जवळ ओढलं. त्यांच्या खांद्यावर लेक कधीच झोपी गेली होती. नेहमीच्या सवयीने तिला काढून घ्यायला धाकटीने हात पुढे केले…

आणि तसेच मागे घेतले.

“असू दे,” ती म्हणाली, “तुमच्याकडे छान झोपते ती. मी तोवर बी टाकून येते.”