ओठाचा कोपरा

फोटो स्टुडिओत माझं काम चेहरे साफ करायचं. डाग पुसायचे, डोळ्यांखालचं काळं उजळायचं. चेहऱ्यावरून माणूस ओळखायला मला कुणी शिकवलं नाही. रोज भांडी घासणाऱ्या बाईला घर कळतंच, तसं.

बावीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला स्थळ आलं, तेव्हा फोटो आधी माझ्या हातात आला.

"ओठाचा डावा कोपरा पडलाय," मी म्हटलं. "हा अर्ध्यावर सोडून जाणार."

तिने नकार कळवला. नंतर दुसरं स्थळ पाहिलंच नाही. आम्ही दोघी एका घरात राहतो आणि मीठ मागण्यापुरतं बोलतो. मी आरशासमोर रेंगाळले तर म्हणते, "काय निघालं? तूही नापास?"

काल दुपारी पासपोर्टच्या फोटोसाठी एक गृहस्थ आले. पन्नाशीच्या आतबाहेरचे.

"ताई, दोन्ही कान दिसायला हवेत ना?"

"हो. आणि हसू नका."

"हसत नाहीये. तोंडच वाकडं आहे. घरच्यांना सवय झालीय."

दुकानात मला सगळेच ताई म्हणतात. पण स्क्रीनवर चेहरा मोठा केला आणि हात थांबला. तोच माणूस. फक्त पडलेला कोपरा उजवा होता. उजवा पडलेला मरेपर्यंत साथ सोडत नाही, हे मीच शंभर जणांना सांगितलेलं.

ते गेल्यावर खणाच्या तळातून जुना फोटो काढला. त्यात शर्टाचा खिसा डाव्याऐवजी त्याच्या उजव्या छातीवर होता. फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला. फोटोतच आयुष्य गेलेली मी, चेहरा वाचत बसले आणि खिसा पाहिलाच नाही.

संध्याकाळी दोन्ही फोटो पर्समध्ये टाकून निघाले. जिना चढताना वाक्य जुळवत होते. 'चूक माझी' एवढंच जुळलं. दारात दोन्ही फोटो हातात काढून घेतले.

दार तिने उघडलं. हसली. तिचे दात कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"अगंबाई, ताई! आज कशी वाट वाकडी केलीस?"

माझ्या चपलांच्या जागी पुरुषाचे बूट होते.

"यांचा फोटो आणलास होय? म्हटलं होतं यांना, ताईकडूनच काढा." तिने नवा तेवढा घेतला. "बस ना. एकटीसाठी काय रांधणार, जेवूनच जा."

जुना फोटो मी परत पर्समध्ये टाकला.

मी माझ्या खोलीकडे पाहिलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, मुलाची उंची मोजल्याच्या. खालच्या पुसट झालेल्या. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर होती.