रिकाम्या गावाचे फोटो

वेबसाइटवर फोटो टाकला की त्याचं वर्णनही लिहावं लागतं. ते पानावर दिसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना संगणक ते वाचून दाखवतो. आमच्या वानी मॅडम मार्क देताना डोळे मिटून हे वर्णन ऐकायच्या.

वेबसाइट बनवण्याच्या या विषयात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर शिष्यवृत्ती बंद, आणि राजधानी सुवा सोडून परत आमच्या बेटावर. म्हणून जीव तोडून माझ्या वर्गातल्या सिकेलीच्या जुन्या गावाचे फोटो काढून आणले. समुद्र आत शिरल्यावर तिथले सगळे वर टेकडीवर राहायला गेले. खाली नुसती घरं उरली.

"यंगोनाची जुडी ठेवलीस ना?" लॅबमध्ये शेजारी बसत सिकेलीनं विचारलं. "की तुम्ही लाऊ बेटांवरचे असेच घुसता?"

परक्या गावात शिरताना यंगोनाची मुळं, ज्यांचं पेय लाकडी वाडग्यात कालवून सगळे पितात, वडीलधाऱ्यांपुढे ठेवून परवानगी मागायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"गावात कोणी नाही रे. ठेवू कोणापुढे? वाटेच्या तोंडाशी प्रार्थना म्हटली मी. रोज उपाशीपोटी म्हणते तीच."

"बरं बाई. देवाला सांगितलंस. तिथे पुरलेल्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार?"

मी पहिला फोटो लावला. वर्णन लिहिलं होतं: रिकामं घर, उघडं दार.

संगणकाचा सपाट आवाज म्हणाला, "घर. दारात म्हातारा बसला आहे."

फोटोत दार होतं. आत काळोख.

"म्हातारा कुठून आणलास गं?" सिकेली हसला.

मी वर्णन पुसलं, पुन्हा लिहिलं.

"घर. दारात म्हातारा बसला आहे. समोर लाकडी वाडगा. रिकामा."

सिकेलीचं हसू थांबलं.

पुढचा फोटो. "अंगण. बायका चटई अंथरत आहेत." त्यापुढचा. "सगळे वाटेकडे बघत आहेत."

लॅबच्या गार हवेत ओहोटीच्या चिखलाचा वास आला.

"तारा, बाजारात जा. जुडी घेऊन ये."

"चारला जमा करायचंय! उशीर झाला तर घरी पाठवतील मला."

"अगं, जा म्हणतो ना!"

शेवटचा फोटो नुसत्या वाटेचा होता.

"वाट. मुलगी उभी आहे. हात रिकामे."

मी आवाज बंद केला. देवाचं नाव घेतलं. काम जमा केलं.

दोन आठवड्यांनी वानी मॅडमनी बोलावलं.

"पास झालीस, ताराईविनी. छान केलंयस."

मला रडूच फुटलं.

"माणसं किती सहज आली आहेत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी अंगणाचा फोटो उघडला.

मला रिकामं अंगण दिसत होतं.

मॅडमचं बोट पडद्यावर मधोमध टेकलं.

"फक्त ही चटईवरची मुलगी. मान खाली घालून, रिकामे हात मांडीवर ठेवून बसलीय बिचारी. फोटो काढायच्या आधी विचारलं होतंस ना हिला?"